समोरची चटई

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरातील एक मध्यम आकाराचा, कडीचा, स्टीलचा डबा, ज्याच्या झाकणावर आणि पोटावर 'सौ. वृंदा' अशी टिंबाटिंबांची अक्षरे कोरलेली आहेत, तो गेली कित्येक वर्षे कोणासही, कोणत्याही कारणास्तव, वापरावयास मिळत नाही. मीही त्याला अपवाद नाही. मी एकदा त्यात शेव भरून ठेवली होती. त्यानंतर घरात जे झालं तोच खरा अमानवीय अनुभव, पण तो चारचौघांत लिहिण्यासारखा नाही.

तर मंडळी, त्या डब्याची ही हकीकत. आधीच सांगून टाकतो... मी असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास न ठेवणारा माणूस. हॉस्टेलवर पोरं प्लँचेट करायची तेव्हा वाटी मीच ढकलायचो, आणि एका मित्राच्या वारलेल्या आजोबांकडून त्याला इंजिनीअरिंग सोडायचा सल्लाही मीच दिला होता. (त्याने ऐकलं. आज माझ्यापेक्षा बरं कमावतो.) सांगायचा मुद्दा, भुतं कशी तयार होतात ते मला आतून माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एका जानेवारीतली. आम्ही शारजाला राहायचो. मी, माझी बायको वृंदा आणि आमची दहा वर्षांची मुलगी मनू. माझी नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. आणि मला एक वेड होतं. फुकट मुक्कामाच्या जागा शोधायचं.

फुकट म्हणजे अगदी शुद्ध फुकट. गेट नाही, पाटी नाही, नळ नाही, दिवा नाही. संडास म्हणजे एक फावडं आणि समोरचं झुडूप. डोंगरातल्या कोरड्या नदीत, वाळूच्या टेकाडांमागे, कुठे चार झाडं दिसली तर त्यांच्या खाली... तंबू ठोकायचा, शेगडी पेटवायची आणि आपण या देशाचे मालक असल्यासारखं पडून राहायचं. हौस माझी, दमणूक सगळ्यांची. मसाफीच्या बाजूला एका जागी बकऱ्यांनी वृंदाची ओढणी खाल्ली. अर्धी नाही, सगळी. समुद्रकाठची एक जागा फार सुंदर वाटली, आणि सकाळी कळलं की शेजारी मासळी वाळत घातली होती. अल ऐनच्या रस्त्यावर सरकारने लावलेलं एक जंगल होतं, रांगेत उभी झाडं, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याची काळी नळी. तिथे तंबूचा पहिला खुंटा ठोकतोय तोच राखणदार हजर. "सदीक, मम्नूअ." मित्रा, इथे मनाई आहे. यल्ला, म्हणजे चला, गुंडाळा.

आणि एखादी जागा खरंच चांगली निघालीच, तर ती एका हिवाळ्यापुरती. पुढच्या वर्षी जावं तर तिथे तारेचं कुंपण, नाहीतर खडीचा ढीग, नाहीतर थेट सहापदरी रस्ता. आज जे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क म्हणून उभं आहे, त्यातल्या कुठल्यातरी गोदामाच्या फरशीखाली आमच्या तंबूचा एक खुंटा अजून गाडलेला असेल. दर हिवाळ्यात नव्याने शोधायचं. तेच टायरमधली हवा काढणं, तेच वाळूत रुतणं, तेच मागच्या सीटवरून, "डॅड, आर वी लॉस्ट अगेन?"

वृंदाने हे सात-आठ हिवाळे सोसलं. कंटाळली ती मात्र वेगळ्याच गोष्टीने.

त्या वर्षी संक्रांतीला तिने तिळाचे लाडू केले आणि आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक दारावर गेली. पुण्यात ती ज्या सोसायटीत वाढली तिथे संक्रांतीला दारं लावलीच जायची नाहीत, आणि शेजाऱ्याचा डबा कधी रिकामा परत जायचा नाही. इथे तिने बेल वाजवली की दाराचं भिंग काळं व्हायचं, म्हणजे आतून कोणीतरी बघतंय, मग पुन्हा उजळ व्हायचं, म्हणजे बघून झालं. दार काही उघडायचं नाही. एकाने उघडलं, तेही साखळी न काढता, आणि म्हणाला, "नो नीड, थँक यू." त्याला ती काहीतरी विकायला आली आहे असं वाटलं.

ती परत आली, भरलेला डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, मार्चमध्ये मनूची परीक्षा झाली की आम्ही दोघी पुण्याला जातो. तुम्ही राहा इथे."

चिडून म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. ती दमून म्हणाली होती.

बायकोमुलं परत गेली की माणसाचं काय होतं, त्याचा नमुना माझ्या ओळखीत होता. प्रधान. माझा मित्र, इन्स्ट्रुमेंटेशनवाला, सगळं मोजून-मापून बोलणारा. त्याचं कुटुंब तीन वर्षांपूर्वी ठाण्याला गेलं होतं, 'तात्पुरतं'. तेव्हापासून प्रधान रोज संध्याकाळी खुबूसमध्ये, म्हणजे इथल्या अरबी रोटीत, ऑम्लेट गुंडाळून टीव्हीसमोर उभ्याने जेवायचा. मी एकदा विचारलं, "अरे, खुर्ची आहे ना?" तर म्हणाला, "बसलं की मग उठवत नाही रे."

मी वृंदाला म्हटलं, "जाण्याआधी एकदाच चल. शेवटची ट्रिप. अशी जागा शोधतो की तू नावाजशील." त्यामागे काही ठोस योजना होती असं नाही. जाऊ नकोस म्हणून सरळ सांगायची लाज वाटली की माणूस ट्रिप काढतो.

ती तयार झाली, पण अटी घालून. "मी तुमच्यासोबत टेकडी-टेकडी फिरणार नाही. आधी जागा शोधा, धरा, मग मला न्यायला या."

त्या गुरुवारी मी आणि प्रधानने रजा टाकली. मनूची शाळा बुडवली, आणि तिने त्याबद्दल पहिल्यांदाच माझे आभार मानले. अल ऐनच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या कॅफेटेरियात दोघींना चहा-सँडविच देऊन बसवलं आणि आम्ही दोघे प्रधानच्या पजेरोतून आत घुसलो.

पहिल्या जागी उंटांचा गोठा. दुसऱ्या जागी वास, कशाचा ते बघायला आम्ही उतरलो नाही. तिसऱ्या जागी पोचण्याआधीच रुतलो. फावड्याने वाळू उपसता उपसता प्रधान म्हणाला, "तुला माहितेय, लोक सुट्टीत झोपतात." दुपार टळायला आली, पाठ मोडली, पाणी अर्धं संपलं... आणि एका टेकाडावरून खाली उतरलो तर समोर झाडं. घाफची. घाफ म्हणजे आपल्या शमीचंच झाड. पंधरा-वीस मोठी जुनी झाडं, फांद्या जमिनीपर्यंत उतरलेल्या, आणि मधोमध अंगणासारखी सपाट, स्वच्छ वाळू. कुंपण नाही, नळी नाही, बकरी नाही. टायरचा एकसुद्धा जुना माग नाही.

आम्ही दोघे गाडीतून उतरलो. मग प्रधान म्हणाला, "सतरंजी टाक."

"कशाला? आत्ता परत येतोय ना आपण."

"जागा धरून ठेव. कोणी आलं मग?"

चहूकडे नजर पोचेल तिथपर्यंत चिटपाखरू नव्हतं. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांची आम्ही अवलाद. मोकळी जागा दिसली आणि त्यावर काही टाकलं नाही, तर हाताला चैन पडत नाही. मी आमची लाल-निळ्या पट्ट्यांची सोलापुरी सतरंजी काढली, सर्वांत मोठ्या झाडाखाली अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. प्रधानने जरा लांबून पाहून "डावीकडे तिरकी आहे" म्हणून सरळ करायला लावली. आणि आम्ही निघालो.

परत यायला उन्हं कलली. वृंदा पुढे बसली होती, मांडीवर डबा. संक्रांतीचे उरलेले लाडू आणि गुळाच्या पोळ्या. उतारावरून झाडं दिसली तशी ती चटकन म्हणाली, "अहो, ही तर शमी!" मी मनात म्हटलं, जमलं!

तेवढ्यात मागून मनू म्हणाली, "समबडी इज ऑलरेडी हिअर."

आमची सतरंजी होती तशीच होती. पण तिच्या समोर, मधून वाढणारा माणूस आरामात जाईल एवढी जागा सोडून, एक चटई अंथरलेली होती. खजुराच्या झावळ्यांची, नवी, अजून थोडी हिरवट. आमच्या सतरंजीइतकीच लांब. आणि चार कोपऱ्यांवर चार दगड.

अगदी पंगत मांडल्यासारखं.

माझा पहिला विचार सांगतो. भीती नाही, काही नाही. निव्वळ संताप! सबंध दिवस घासून, वाळू खाऊन ही जागा शोधली आणि कोणीतरी आयतं येऊन शेजारी बसतंय! "अख्खं वाळवंट पडलंय," मी म्हटलं, "आणि यांना इथेच, आपल्या नाकासमोर!"

"हळू बोला," वृंदा म्हणाली. "ऐकतील."

"कोण ऐकतील? आहे कोण इथे?"

प्रधान तोवर चटईभोवती वाकून फिरत होता. दोनदा फिरला. मग परत आला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा पुसणं म्हणजे प्रधानचा अलार्म.

"माग नाहीत," तो म्हणाला. "गाडीचे नाहीत, उंटाचे नाहीत, पायाचे नाहीत. फक्त आपलेच आहेत, दुपारचे."

"वाऱ्याने पुसले असतील."

"मग आपले का नाही पुसले?"

कोणी शहाण्याने तिथूनच गाडी वळवली असती. पण खरं सांगू? आम्ही इतके दमलो होतो की समोर प्रत्यक्ष वेताळ येऊन बसला असता, तरी मी त्याला म्हटलं असतं, बाबा रे, बस, पण मला आता उठवू नकोस.

वृंदा मात्र वेगळीच झाली. तिने केस सारखे केले. मनूला बजावलं, "त्यांच्या चटईवर पाय द्यायचा नाही हं."

"बट देअर इज नोबडी, आई."

"येतील. एवढी नीट चटई टाकून कोणी जातं का कायमचं?" आणि मला, "अहो, कोण असतील हो? लहान मुलं असतील का? चहा जरा जास्तच टाकते."

चहा जास्त टाकला गेला. कोणी आलं नाही. सूर्य टेकाडामागे उतरायला लागला, कोणी आलं नाही. आम्ही खिचडी खाल्ली, तीही चटईकडे पाठ होणार नाही अशा बेताने बसून, कारण पाहुण्यांकडे पाठ करून जेवणं बरं दिसत नाही असं वृंदाचं म्हणणं. समोर रिकामी चटई, इकडे आम्ही चौघं सोवळ्यातल्यासारखे ताठ बसलेलो. प्रधानला मी कुजबुजत विचारलं, "आग्रह करायचा का रे?" तो हसला नाही.

अंधार पडायच्या आत वृंदा उठली. डबा घेतला, त्यातले दोन लाडू मनूला काढून दिले, बाकी तसंच ठेवून कडी लावली आणि समोरच्या चटईच्या मधोमध नेऊन ठेवला. झाकणावर एक दगड, कोल्ह्याने उघडू नये म्हणून.

"उशिरा पोचले तर उपाशी राहायला नकोत," ती म्हणाली. आणि वर, "निदान इथे कोणी नो नीड म्हणणार नाही."

आता अशा गोष्टींत या ठिकाणी कोणीतरी जागं असतं. त्याला घुंगरू ऐकू येतात, सावली दिसते, कुत्रं रडतं. मी आपली क्षमा मागतो. आम्ही चौघंही मेल्यासारखे झोपलो. प्रधान घोरला एवढंच काय ते अमानवीय.

सकाळी जाग आली ती तंबूवर ऊन चढल्यावर. बाहेर आलो. समोर चटई नव्हती. चटई जिथे होती तिथली वाळू गुळगुळीत, दव पडून किंचित ओलसर. तिच्या कोपऱ्यांवरचे दगड? ते आमच्याकडे होते. आमच्या सतरंजीच्या प्रत्येक कोपऱ्यावर आता दोन-दोन दगड होते, एकावर एक, नीट बसवलेले. आपण निघताना शेजाऱ्याचं काही उडून जाऊ नये म्हणून करावं, तसे.

आणि सतरंजीच्या कडेला वृंदाचा डबा.

घासलेला. कसा घासलेला? बारीक वाळूने घासल्यासारखा, आरशासारखा. आमच्या घरी तो इतका कधी चमकला नव्हता. 'सौ. वृंदा' या टिंबांमध्ये वर्षानुवर्षं बसलेला काळा मळसुद्धा गेला होता.

मी उचलायला वाकलो तर वृंदा मागून म्हणाली, "थांबा, माझा आहे." ती सतरंजीवर बसली, मांडीवर डबा घेतला, कडी काढली. जड आहे, हे तिला उचलतानाच कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

आत रतब होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... रतब म्हणजे ताजा, अर्धा पिकलेला खजूर. टोकाकडे तपकिरी आणि मऊ, देठाकडे पिवळा आणि करकरीत. झाडावरून उतरतो तो भर उन्हाळ्यात, जून-जुलैत, जेव्हा माणसं घराबाहेर पडत नाहीत. जानेवारीत या देशातल्या एकाही झाडावर तो नसतो. डब्यातले तर काडीसकट होते, घोसातून तोडून काढलेले, वर झाडावरची बारीक धूळ. हाताला कोमट लागत होते. आणि आम्ही होतो तिथे थंडीने आमचे दात वाजत होते.

डबा उघडल्यावर वृंदा जे पहिलं वाक्य बोलली ते मी शेवटी सांगतो. हा माझा हक्क आहे.

प्रधान म्हणाला, "फ्रीझरमधले असणार. लोक ठेवतात ना वर्षभर." आणि पुरावा म्हणून एक उचलून पिवळ्या बाजूने चावला. करकन आवाज झाला. आम्ही सगळ्यांनीच ऐकला. फ्रीझरमधला रतब करकरीत राहत नाही, लिबलिबीत होतो. हे प्रधानलाही माहीत होतं. त्याचं चावणं थांबलं. मग तो हळूच सतरंजीवर बसला. नंतर त्याला उठवावं लागलं.

मनूने चार खाल्ले आणि म्हणाली, "दे आर नाइस नेबर्स." तिच्या दृष्टीने विषय संपला.

आमच्या कंपनीत सरकारी कामं बघणारा एक स्थानिक होता, खमीस. अल ऐनकडचा, स्वतःची खजुराची बाग असलेला. उरलेल्यांपैकी दोन मी त्याच्यासमोर ठेवले. काही सांगितलं नाही. त्याने एक तोंडात टाकला, बी काढली, बीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं आता हसेल, नाहीतर काही मंत्र पुटपुटेल. त्याने आपल्या हिंदीत एवढंच विचारलं, "तुम क्या दिया था?"

"मीठा रोटी. लड्डू."

"खलास," खमीस म्हणाला, म्हणजे झालं, मिटलं. "बराबर है." आणि दुसरा रतब खाल्ला.

यावर तुम्ही काय विचारणार?

पुढच्याच महिन्यात आम्ही तिथे पुन्हा गेलो. जागा गायब झाली असेल असं वाटलं होतं ना? मलाही. पण नाही, झाडं होती तिथेच होती. आम्ही सतरंजी टाकली, दगड ठेवले, मुद्दाम लांब चक्कर मारून आलो. समोर कोणी चटई टाकली नाही. वृंदाने तो डबा करंज्यांनी भरून त्याच जागी ठेवला. सकाळी तो तसाच, थंड, करंज्या मोजून होत्या तेवढ्याच.

मला वाटलं ती खट्टू होईल. ती म्हणाली, "घर बदललं असेल त्यांनी. इथे कोण टिकतं हो एका जागी?" गल्फमध्ये राहिलेल्यांना हे किती पटण्यासारखं आहे ते कळेल. भाडं वाढलं असेल, बदली झाली असेल. जातात लोक.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात गेलो. दर वेळी डब्यात काहीतरी वेगळं. मग एका वर्षी तिथेही कुंपण आलं, पाटी लागली. संरक्षित क्षेत्र, आत जाण्यास मनाई. झाडं वाचली हे बरंच झालं. पण पुढच्या हिवाळ्यापासून पुन्हा पहिल्यापासून शोध. तीच हवा काढा, तीच वाळू उपसा. नवी जागा सापडली की वृंदा आधी उतरते, सतरंजी टाकते, आणि समोर पंगतीएवढी जागा मोकळी सोडते. डबा गाडीत असतोच. आता कमरेने मी पार गेलोय, पण नाही म्हणायची माझी टाप नाही.

प्रधान अजून अधूनमधून फोन करून नवं स्पष्टीकरण देतो. मेंढपाळ होता. विमानाने कुठूनतरी आलेला माल होता. वाळूला चढ होता म्हणून माग दिसले नाहीत. मी प्रत्येक वेळी "असेल बाबा" म्हणतो. त्याचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. फक्त मार्च आला आणि गेला, मनूची परीक्षा झाली, मग दहावी झाली, आणि आमच्या घरात पुण्याच्या तिकिटांचा विषय सुट्टीपुरताच निघत राहिला.

तर ते वाक्य. ऊन नुकतंच चढलेलं, केसांत वाळू, मांडीवर उघडा डबा, एका हातात झाकण. आम्ही तिघं तोंडं उघडी टाकून बघतोय, आणि वृंदा दुसरा हात कपाळावर मारून मोठ्याने म्हणाली,

"अगं बाई! म्हणजे आता आपली पाळी... आणि मी मेली मार्चमध्ये जायला निघाले होते!"